नेटबॉल, काळी माती आणि ब्रेक न लागणारे पाय : जुलै ते डिसेंबरच्या नोंदी

मी गणित शिकवतो. यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा-दिग्रसच्या मधल्या एका गावातलं हायस्कूल आहे, क्रीडा शिक्षक नाही, म्हणून शिट्टी माझ्या गळ्यात. कॉलेजात कबड्डी खेळलोय, डावा गुडघा तेव्हाच गेला. नेटबॉल (बास्केटबॉलसारखाच रिंगमध्ये बॉल टाकायचा, पण बॉल घेऊन पळायचं नाही) मी स्वतः कधी खेळलो नव्हतो, नियम पीडीएफमधून आणि बाकी व्हिडिओ पाहून. दुसऱ्या कोणाला गावात हे सुरू करायचं असेल तर माझे दोन-अडीच महिने जिथे वाया गेले तिथे त्याचे जाऊ नयेत म्हणून वहीतलं इथे उतरवून ठेवतोय, थोडं साफ केलंय पण चुका काढलेल्या नाहीत.

१ जुलै २०२४, सोमवार

शाळा आजच उघडली. सातवी ते नववीच्या १९ पोरी आल्या. त्यातल्या ११ खो-खोवाल्या, आमचं गाव खो-खोचं आहे. नेटबॉल का, तर खरं कारण सांगतो : आपल्या जिल्ह्यात खो-खो, कबड्डीला टीमांची रांग असते आणि नेटबॉलला मोजक्याच शाळा उतरतात, सात पोरींत टीम होते, आणि पुढे राज्यापर्यंत गेलं तर दहावीला वाढीव गुण. खेळावरचं प्रेम वगैरे नंतर आलं.

एका पोरीचे वडील गेटवरच भेटले, "सर, हा कोनता खेळ काढला आता? पोट्टींचा बास्केटबॉल काय?" म्हटलं भाऊ, २०१० साली दिल्लीच्या कॉमनवेल्थमध्ये भारताच्या पोरी हाच खेळ खेळल्या होत्या. ते म्हणाले "असं काय" आणि गेले, पटलं की नाही माहीत नाही पण पोरगी दुसऱ्या दिवशीही आली.

५ जुलै

ग्राउंड आखलं. कोर्ट ३०.५ मीटर बाय १५.२५ मीटर, आपल्या भाषेत शंभर फूट बाय पन्नास फूट, लक्षात ठेवायला सोपं. लांबीचे तीन सारखे भाग, म्हणजे प्रत्येकी ३३ फूट ४ इंच. दोन्ही टोकांना १६ फूट त्रिज्येचं अर्धवर्तुळ, खुंटी आणि दोरी घेऊन पोरींनीच काढलं (नववीचा वर्तुळाचा धडा तिथेच उरकला). मधे तीन फूट व्यासाचं छोटं वर्तुळ.

चूक : फक्की संपली म्हणून घरचा कळीचा चुना वापरला. अर्ध्या पोरी अनवाणी. दोघींच्या पायाची आग झाली, एकीच्या डोळ्यात उडाला, तिला पंधरा मिनिटं नळाखाली धरून डोळा धुतला आणि मग आरोग्य केंद्रात नेली. निभावलं. चुना अजिबात वापरू नका. रात्री पाऊस झाला आणि सगळ्या रेषा तशाही गेल्या. नंतर जाड सुतळी ताणून लोखंडी यू-खिळ्यांनी ठोकली, ती दिवाळीनंतरपर्यंत टिकली. खर्च १८० रुपये.

१२ जुलै

खांब. नियमात उंची ३.०५ मीटर, म्हणजे दहा फूट, मागे बोर्ड नसतो. ट्रकचे दोन जुने टायर पंक्चरवाल्याने फुकट दिले, त्यात काँक्रीट भरून मधे अडीच इंची पाइप उभा केला, म्हणजे खांब ढकलत नेता येतो. दोन पाइप, दोन रिंग, वेल्डिंग, सिमेंट मिळून ४,६०० रुपये. त्यातले दोन हजार मुख्याध्यापकांनी दिले, बाकी माझे.

टायरवर एका वेळी एकच पोरगी चढेल असा नियम लावावा लागला, पहिल्याच दिवशी तिघी झोपाळ्यासारख्या लटकल्या आणि खांब आडवा झाला, नशीब खाली कोणी नव्हतं. आता टायरवर दोन सिमेंटच्या गोण्या मुरूम भरून ठेवतो.

१९ जुलै

तीन आठवडे झाले, काय करून घेतलं ते लिहितो. रोज संध्याकाळी आधी ग्राउंडला आठ राउंड, मग पासिंग, मग शूटिंग. राउंड यासाठी की मला कबड्डीत तसंच पळवलं होतं. पोरी पळतात, तक्रार नाही.

बॉल नव्हता म्हणून शाळेचा व्हॉलीबॉल वापरला. मोठी चूक. व्हॉलीबॉल २६०-२८० ग्रॅमचा, नेटबॉल ४०० ते ४५० ग्रॅमचा. पोरी नुसत्या मनगटानं फेकायला शिकल्या, आणि आज खरा बॉल आला (५ नंबर, ६५० रुपये) तर दहा फुटांवर पास खाली पडतोय. आणि गंमत म्हणजे स्टोअररूममध्ये ५ नंबरचा जुना फुटबॉल पडून होता, त्याचं माप आणि वजन जवळजवळ नेटबॉलइतकंच असतं, फक्त वरून गुळगुळीत. बॉल घ्यायला पैसे नसतील तर घासलेला फुटबॉल घ्या, व्हॉलीबॉल नको, बास्केटबॉलही नको, तो जड पडतो.

झेलताना डोळे मिटतात आणि टाळी वाजवल्यासारखे हात आणतात. आठवीतल्या एकीचं बोट मुरगळलं. "बोटं पसरा, अंगठे जवळ घ्या" हे दहा वेळा सांगून काही झालं नाही, मग म्हटलं भाकर थापताना हात कसा असतो, तसे दोन्ही हात समोर. लगेच जमलं. फेकण्यात ज्या पोरी ज्वारीत पाखरं हाकलायला गोफण चालवतात त्यांचा खांदा मस्त फिरतो, शोल्डर पास त्यांना शिकवावा लागला नाही.

२४ जुलै

एक पोरगी सहाव्या राउंडला ओकली. चौकशी केली तर दुपारची शाळेची खिचडी सोडली तर पोटात काही नाही, सकाळी फक्त चहा. सगळ्यांना विचारलं, १९ पैकी १२ जणी सकाळी चहावरच येतात. आणि मी त्यांना आठ राउंड पळवतोय.

मॅडमशी बोललो (आमच्या मराठीच्या मॅडम, पाळीचं, कपड्यांचं, पोरी मला सांगू शकत नाहीत ते सगळं त्या बघतात, त्यांच्याशिवाय हे झालंच नसतं). आरोग्य तपासणीत नऊ जणींचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली निघालं होतं, कार्ड कपाटात पडून होती. आठवड्याची निळी लोहाची गोळी शाळेत मिळते, पण पोरी ती खिडकीबाहेर फेकतात, मळमळतं म्हणून. उपाशीपोटी घेतली की मळमळणारच. आता सोमवारी खिचडीनंतर मॅडमच्या समोर, आणि त्याच्या आगेमागे तासभर चहा नाही. प्रॅक्टिसच्या आधी मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा. किराणावाल्याकडे खातं, आठवड्याला साधारण २४० रुपये. पुढे गावातल्या तीन घरांनी शेंगदाणे घरचेच दिले, खर्च निम्म्यावर आला.

२ ऑगस्ट

पहिली मॅच, आपापसात. दहा मिनिटांत मी ३१ वेळा स्टेपिंगची शिट्टी वाजवली. एकतीस. पोरी रडायला आल्या, मी ओरडायला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : नेटबॉलमध्ये बॉल हातात आल्यावर पळता येत नाही, टप्पा टाकत जाता येत नाही, तीन सेकंदांत तो सोडायचा. म्हणजे पळत येऊन, हवेत बॉल घेऊन, जागच्या जागी थांबायचं असतं. आमच्या खो-खोवाल्या पोरी वाऱ्यासारख्या येतात, बॉल घेतात आणि पुढे चार पावलं जातात. खो-खोत पळत जाऊन टोकाचा खांब पकडायची सवय, इथे पकडायला काही नाही. एक म्हणाली, "सर, मले थांबताच येत नाई, पाय आपोआप जाऊन राह्यले."

मी पाच आठवडे यांना पळायला शिकवत होतो, जे त्यांना आधीच येत होतं.

६ ऑगस्ट

मोबाईलवर स्लो मोशनमध्ये शूट केलं. उडी मारून बॉल घेतात, मग पाय सरळ काठीसारखा जमिनीवर येतो, टाच आधी, आणि गुडघा आत झुकतो. माझा गुडघा असाच गेला होता. व्हिडिओ पाहून पोटात गोळाच आला. नेटबॉलमध्ये गुडघ्याची दुखापत हीच सगळ्यात मोठी भीती, नेटबॉल ऑस्ट्रेलियानं त्यासाठी 'नी प्रोग्रॅम' नावाचा वॉर्मअप बनवून फुकट ठेवलाय, इंग्रजी व्हिडिओ आहेत पण बघून करता येतं. मला तो पहिल्या दिवशी सापडायला हवा होता.

आजपासून राउंड बंद.

८ ते १४ ऑगस्ट

हा आठवडा सगळ्यात कामाचा गेला म्हणून जरा जास्त लिहितो.

पहिल्या दिवशी इंग्रजी व्हिडिओतलं जसंच्या तसं करून घेतलं, उडी मार, थांब, गुडघे वाकव, कंबर मागे. पोरी लाकडासारख्या. कंटाळल्या. दुसऱ्या दिवशी मी यायच्या आधी त्या बाजूला बिल्लस खेळत होत्या, म्हणजे बाकी महाराष्ट्रात ज्याला ठिकरी वगैरे म्हणतात ते. एका पायावर उडी, रेषेवर पाय नाही पडला पाहिजे, वाकून खापर उचलायचं आणि तोल जाऊ द्यायचा नाही. मी उभा राहून पाहतच राहिलो. मला जे पाहिजे होतं ते सगळं त्या सहा वर्षांच्या असल्यापासून करतायत आणि मी मोबाईलमध्ये शोधतोय.

मग बिल्लसच वाढवलं. क्रम असा बसला :

आधी नेहमीचं बिल्लस, पण प्रत्येक घरात तीन आकडे मोजेपर्यंत एका पायावर थांबायचं. मग घरं मोठी केली, तीन फुटांची. मग लंगडी न घालता पळत येऊन शेवटच्या घरात थांबायचं, आधी दोन्ही पायांवर, दोन दिवसांनी एका पायावर. मग शेवटच्या घरात थांबतानाच मी बॉल देणार. मग थांबून, वळून, दुसरीला पास. एक पायरी नीट नाही झाली तर पुढची नाही, यात घाई केली की पुन्हा गुडघा आत जातो.

एकच नियम : आवाज नाही आला पाहिजे. "धप्प" आवाज आला की पोरगी बाद. गुडघा वाकव, पंजावर उतर, कंबर मागे घे हे सगळं सांगायची गरजच राहिली नाही, आवाज नको म्हटलं की शरीर आपोआप तसं उतरतं. आणि दोन बोटं : उतरल्यावर गुडघा पायाच्या मधल्या दोन बोटांच्या वर आहे का हे जोडीदारीण बघणार, आत गेला की ओरडणार "आत!". पोरींना एकमेकींवर ओरडायला फार आवडतं.

एका दिवसात एका पोरीच्या पन्नासच्या वर उड्या नाहीत, मी मोजतो. पहिल्या दिवशी हौसेनं दीडशे झाल्या होत्या, दुसऱ्या दिवशी नडग्या धरून बसल्या सगळ्या.

१५ ऑगस्ट

झेंडावंदनानंतर सरपंचांसमोर प्रदर्शनी सामना. काळ्या मातीत चिखल होता म्हणून दोन दिवस आधी एक ट्रॉली मुरूम टाकून पसरवला (१,२०० रुपये, ट्रॅक्टरवाल्यानं डिझेलचेच घेतले). डोकं लावलं नाही. सुटा मुरूम म्हणजे पायाखाली छर्रे. आमची उंच पोरगी, जी गोल शूटर (रिंगमध्ये बॉल टाकणारी) होणार होती, उतरली आणि घोटा फिरला. सगळ्या गावासमोर. कुल्फीवाल्याकडचा बर्फ रुमालात बांधून लावला, एक्सरे काढला, हाड ठीक होतं, तीन आठवडे बाहेर. घरचे काही बोलले नाहीत, तेच जास्त लागलं. एक्सरे आणि गाडीभाड्याचे ७०० मी दिले.

१८ ऑगस्ट, रविवार

मुरूम चाळला. मोठे खडे बाहेर, बारीक तेवढा ठेवला, पाणी मारून धुमसानं ठोकला. पूर्ण कोर्ट ठोकणं अशक्य, म्हणून दोन्ही अर्धवर्तुळं आणि मधला पट्टा, जिथे उड्या जास्त असतात. पालक आले पाच, पोरी सगळ्या. सकाळी सात ते बारा. त्या दिवसानंतर पाय घसरून कोणी पडलं नाही.

बुटांचंही तेव्हाच लक्षात आलं. जिचा घोटा गेला तिच्या पायात भावाचे रनिंग शूज होते, जाड टाचेचे आणि दोन नंबर मोठे, आत कापूस कोंबलेला. शाळेचे साधे पांढरे कॅनव्हास, पातळ तळाचे, मापाचे, २२० रुपयांचे त्याहून बरे. सात जणींना नव्हते, गावातल्या एका किराणावाल्यानं घेऊन दिले.

३ सप्टेंबर, तान्हा पोळा

सुट्टी. काल पोळा झाला, आजही कोणी येणार नाही हे माहीत असून ग्राउंडवर गेलो. गोल शूटर एकटी आली होती, एका पायावर उभी राहून खांबाशी डोळे मिटून तोल सांभाळत. घोट्यासाठी मीच दिलेला व्यायाम. डोळे उघडे ठेवून ३० सेकंद, मग डोळे मिटून. म्हणाली "पंधरापर्यंत आली सर." पहिल्या दिवशी चारला पडत होती.

त्याच दिवशी रिंगची भानगड कळली. नागपूरहून मागवलेली जाळी रिंगला बसेना, लहान पडली. मोजलं तर रिंग १८ इंच. वेल्डरनं आधी कुठंतरी बास्केटबॉलची केली होती, तेच माप. नेटबॉलची रिंग आतून ३८० मिलिमीटर, म्हणजे १५ इंच. तीन इंच कमी वाटतं, पण तोंडाच्या क्षेत्रफळात जवळपास तीस टक्के फरक पडतो, आणि हे गणिताच्या मास्तरला दोन महिने दिसलं नाही. वेल्डरला बोलण्यात अर्थ नाही, घ्यायच्या आधी टेप मी लावायला हवा होता. नवीन रिंग ४५० रुपये. पोरींचा दहापैकी पाचचा स्कोअर एका दिवसात दोनवर आला.

९ सप्टेंबर

शूटिंग मोडून परत सुरू. दहा फुटांचा खांब सातवीतल्या पोरींना झेपत नाही, त्या कमरेतून वाकून दोन्ही हातांनी खालून फेकतात. रिंग क्लॅम्पवर घेतली आणि एक फूट खाली आणली. लहानांसाठी नऊ फूट, मोठ्यांसाठी दहा. क्लॅम्प १५० रुपये, आधीच करायला हवा होता.

बोर्ड नाही म्हणून चेंडू वरून पडला पाहिजे. मॅडमची ओढणी दोन बांबूंना बांधून रिंगच्या पुढे आडवी धरली, तिच्यावरून टाकायचं. कोपर बॉलच्या खाली, दुसरा हात नुसता आधाराला, जोर गुडघ्यातून. तीन फुटांवरून रोज ५० बॉल, पाठीमागे वहीत दोघी टिपतात. लांबून टाकायला बंदी, दहापैकी सात गेले की अर्धा फूट मागे. पोरांसारखं लांबून एखादा टाकून दाखवायची हौस सगळ्यांनाच असते, तीच आधी काढावी लागली.

१७ सप्टेंबर

बिब, म्हणजे जर्सीवरून बांधायचा तुकडा, त्यावर पोझिशनची अक्षरं लागतात. पहिली जोडी जुन्या फ्लेक्सची शिवली, घामानं अंगाला चिकटली, पुढाऱ्याचा अर्धा चेहरा पाठीवर, पोरी हसून हसून बेजार. मग टेलरनं मांजरपाटाच्या केल्या, वेल्क्रो धुळीनं पकडेना म्हणून नाडी. १४ बिब ५६० रुपये.

कोणी कुठे जायचं हे फळ्यावर शिकवून कोणाला कळलं नाही. गोल शूटर आणि गोल कीपर फक्त आपल्या टोकाच्या भागात, सेंटर सगळीकडे पण दोन्ही अर्धवर्तुळांत नाही, गोल टाकायचा हक्क फक्त गोल शूटर आणि गोल अटॅकला. शेवटी बॉलशिवाय पकडापकडी खेळवली, ज्या घरात जायची मुभा नाही तिथे गेली की आउट. दोन संध्याकाळींत पाठ.

कबड्डीवाल्या दोघी पकडतातच. बॉलवालीपासून तीन फूट लांब राहायचं असतं, म्हणून गेल्या साली जाळायची राहिलेली पऱ्हाटी (कापसाची वाळकी काडी) तीन फूट तोडून हातात दिली, टोक तिच्या पायाला टेकवून मागे सरायचं आणि मग हात वर.

२६ सप्टेंबर

जिल्हा स्पर्धा, यवतमाळ. हरलो, ४–१९.

गोल कमी झाले त्याचं काही नाही, पण आमच्या पोरी खिळ्यासारख्या उभ्या राहत होत्या. थांबतात सुंदर, एकही स्टेपिंग पहिल्या दहा मिनिटांत नाही, आणि मग बॉल हातात घेऊन अडकतात, तीन सेकंद संपतात. मॅचनंतर अंपायर मॅडम जवळ आल्या, म्हणाल्या, "सर, तुमच्या मुली मागचा पाय उचलतच नाहीत, का?" म्हटलं, उचलायचा नसतो ना. त्या म्हणाल्या उचलायचा असतो, परत टेकवायचा नसतो.

म्हणजे असं : जो पाय आधी टेकला तो उतरलेला पाय. दुसरा पाय हवा तिकडे टाकता येतो, कितीदाही, फिरता येतं. आणि उतरलेला पाय उचलताही येतो, फक्त तो पुन्हा जमिनीला लागायच्या आत बॉल सुटला पाहिजे. दोन्ही पाय एकदम टेकले तर कोणताही एक धरा. मी बास्केटबॉल डोक्यात ठेवून वाचलं होतं. आधी पोरींना थांबता येत नव्हतं, मग थांबल्यावर मीच खिळे ठोकले.

गाडीत पोरींना सांगितलं की चूक माझी होती. गोल अटॅक म्हणाली, "मंग सर, आता परत बिल्लस काय?" होय, परत बिल्लस.

७ ऑक्टोबर

थांब, दुसरा पाय पुढे, वजन त्याच्यावर, मागचा उचल, सोड. चार गोष्टी एका दमात. सोयाबीन काढणी चालू, हजेरी ८-९. ऑक्टोबर हीट सुरू, म्हणून संध्याकाळ सोडून सकाळी सहा. माठात लिंबू-मीठ-साखरेचं पाणी.

पळण्याचं आता असं : पूर्ण जोरात दहा ते पंधरा सेकंद, अर्धा मिनिट चालत, असं आठ वेळा, वळणं घेत, बॉलकडे पाहत. मॅच तशीच असते, झटका आणि थांबणं. पंधरा मिनिटांत होतं आणि कोणी ओकत नाही.

१४ ऑक्टोबर

पुन्हा हावरेपणा. मांडीच्या मागच्या स्नायूंसाठी एक व्यायाम असतो, गुडघ्यांवर बसायचं, जोडीदारीण घोटे धरते आणि सरळ अंगानं हळूहळू पुढे झुकायचं. गुडघ्यासाठी फार चांगला. मी पहिल्याच दिवशी आठ-आठचे तीन सेट दिले. दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिसला तिघी. बाकीच्यांचा निरोप : "सरले सांग, संडासले बसता नाई येऊन राह्यलं." तीन-तीनचे दोन सेट, आठवड्यातून दोनदा, एवढ्यावरच सुरुवात करा.

११ नोव्हेंबर

दिवाळी झाली, सीतादही (कापसाच्या पहिल्या वेच्याआधीची पूजा) झाली, वेचा सुरू. पोरी सकाळी सातपासून कापसात, किलोवर मजुरी. मी आल्या आल्या स्क्वॉट सांगितले तर सेंटर म्हणाली, "सर, काल वीस किलो वेचला, कंबर हालत नाई." दिवसभर वाकून वेचणं आणि ओट्यात पाच-सहा किलो ओझं, हा व्यायामच आहे, मी वर आणखी तोच देत होतो. वेच्याच्या दिवसांत आता वाकायचं काहीच नाही : खांबाला हात धरून पाठ लांब करणं, पालथं झोपून छाती उचलणं, वरच्या हाताचे पास, शूटिंग, बस. उड्या वीसच. ताकद पोरींत आहेच, शेतातल्या पोरींना ताकद द्यायला आपण जाऊ नये, ती वापरून थांबायचं कसं तेवढं शिकवावं. हे मला साडेचार महिन्यांनी कळलं.

१८ ते २२ नोव्हेंबर

विधानसभा निवडणूक, शाळेत बूथ, माझी ड्युटी दुसऱ्या तालुक्यात. प्रॅक्टिस बंद. बूथवाल्यांनी मंडपासाठी आमची सुतळी उपटली आणि नेली. नवीन लावली, २१० रुपये, महागली.

८ डिसेंबर, रविवार

जिल्ह्यात ज्यांच्याशी हरलो होतो त्यांना मैत्रीच्या सामन्याला बोलावलं, आमच्याच ग्राउंडवर. पंधरा मिनिटांचे चार भाग पूर्ण खेळलो. ११–१३, हरलोच. स्टेपिंग ६. बॉल अडकून तीन सेकंदांची शिट्टी ४. तिसऱ्या भागानंतर दमलो, विंग डिफेन्स तर उभीच राहिली, तिच्या घरी कालपासून पाहुणे, झोप नाही. सातवीतली छोटी पोरगी शेवटच्या भागात आली आणि हवेत बॉल घेऊन असा बिनआवाजाचा पाय टेकवला की बाजूला बसलेल्या पोरी एकदम "बिल्लस!" म्हणून ओरडल्या. पाहुण्यांना काही कळलं नाही.

खाली बसून झुणका-भाकर खाताना त्यांच्या सरांनी विचारलं, थांबवायला काय करून घेता. दाखवलं. त्यांनी खापराचा तुकडा खिशात टाकून नेला, म्हटलं अहो तुमच्याकडे खापरं नाहीत काय.

आजपर्यंतचा एकूण खर्च ११,२७० रुपये (शेंगदाणे धरून, बूट सोडून), माझे त्यात सहा हजारांच्या आसपास. गोल शूटर पाच फुटांवरून दहापैकी सहा, गोल अटॅक चार. हिमोग्लोबिन जानेवारीत परत तपासायचंय, मॅडमनी तारीख घेतलीय. गुडघा कोणाचाही दुखत नाही, माझा सोडून.

१० डिसेंबर

थंडी फार, सहाऐवजी साडेसहा. पाचवीतली चार पोट्टी कुंपणावर बसून बघत होती, आत घेतली. त्यांना नऊ फूटही उंच होतंय, क्लॅम्प आणखी खाली घ्यायला गेलो तर बोल्ट गंजलाय, हलत नाही. उद्या येताना रॉकेल आणि बारा नंबरचा पाना आणायचा.